ग्रंथातले कुसळ

ज्या काळी गावात ग्रंथ एकच असे, आणि तो वाचून दाखवणारा माणूसही बहुधा एकच असे, त्या काळची ही गोष्ट आहे.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते. गावात ख्रिस्ताला मानणारी साठ-सत्तर घरे होती आणि त्यांचे एक लहानसे प्रार्थनामंदिर होते. दगडी भिंती, वर कौले, खाली शेणाने सारवलेली जमीन. पुढच्या भिंतीला लागून गुडघाभर उंचीचा दगडी ओटा, ओट्यावर लाकडी मेज आणि मेजावर मोठ्या अक्षरांचा तो पवित्र ग्रंथ.

ग्रंथ वाचून उपदेश करायचे गुरुजी. चाळीस वर्षे ते हे काम करत होते. तरुणपणी एखादे वचन उमगले नाही, तर ते तीन गावे चालून आपल्या गुरूंकडे जात, रात्रभर मुक्काम करत आणि अर्थ घेऊनच परतत. पुढे गुरू वारले. मग गुरुजींनी कोणाला काही विचारायचे सोडले. लोकांनीही गुरुजींना विचारायचे सोडले, कारण विचारले की उत्तराआधी रागे भरणे ऐकावे लागे.

एकदा नदीपलीकडच्या गावचा तरुण उपदेशक त्यांना भेटायला आला. त्याने पाया पडून मोठ्या आदराने विचारले, की यंदाच्या वाचनात गुरुजींना नवे काय सापडले.

"नवं तुला सापडेल," गुरुजी म्हणाले. "माझं सगळं सापडून झालंय."

तो बिचारा ताक पिऊन निघून गेला. गुरुजींच्या मनात मात्र तो प्रश्न सलत राहिला. हा पोरगा आपली परीक्षा घ्यायला आला होता की काय?

त्यानंतर महिनाभराने, एका रविवारी, गुरुजींनी उपदेशासाठी ग्रंथ उघडला. त्यांना हवे होते ते पान काही उघडले नाही. ग्रंथ नीतिवचनांच्या भागात उघडला, आणि त्या पानावर गवताची एक पिवळी काडी होती. शेंड्याला कुसळ असलेली साधी काडी. ती एका ओळीखाली नीट आडवी ठेवलेली होती. ज्याला आपली चूक दाखवलेली खपत नाही, तो जनावरासारखा अडाणी, अशा अर्थाची ती ओळ होती.

वाऱ्याने आली असेल, असे म्हणून गुरुजींनी काडी फुंकून टाकली.

पुढच्या रविवारी तशीच काडी निघाली. पान पुढचे होते. या वेळी ओळ होती मूर्खाबद्दल, ज्याला स्वतःची वाट नेहमी बरोबरच वाटते. तिसऱ्या रविवारी गर्विष्ठाबद्दल. चौथ्या रविवारी बोलघेवड्याबद्दल. मिटलेल्या ग्रंथात वारा काड्या ठेवत नाही, आणि ठेवल्याच तर अशा नेमक्या ओळींखाली ठेवत नाही, हे गुरुजींना कळून चुकले. कोणीतरी त्यांना टोमणे मारत होते. तेही त्यांच्याच ग्रंथातून.

गावात गुरुजींखेरीज वाचता येणारी माणसे दोनच होती. एक फिलीप वैद्य आणि दुसरा घंटा वाजवणारा अंद्रिया. अंद्रियाला तर गुरुजींनीच कधीकाळी अक्षरे शिकवली होती, तेव्हा त्याच्यावर संशय घ्यायचे कारण नव्हते. राहिला वैद्य. वैद्य उपदेशाच्या वेळी कधीकधी गालातल्या गालात हसतो, हे गुरुजींना आता आठवले.

गुरुजींनी वैद्यावर नजर ठेवली. त्याच्या अंगणात कसले गवत उगवते ते बघायला ते गुडघेदुखीचे निमित्त काढून गेले. अंगणात नुसती तुळस आणि अडुळसा होता. तरी गुरुजींचे समाधान झाले नाही. हुशार माणूस स्वतःच्या अंगणातली काडी कशाला वापरील? त्यांनी वैद्याचा काढा घ्यायचा बंद केला. गुडघे आणखी धरले. त्याचेही खापर त्यांनी मनातल्या मनात वैद्यावरच फोडले.

मग नदीपलीकडच्या तरुण उपदेशकाचा संशय आला. तो बाजाराला येतो, तेव्हा इथे कोणाला भेटतो? गुरुजी दोन बाजार त्याच्या मागे फिरले. तो वांगी घ्यायचा, मीठ घ्यायचा आणि घरी जायचा. गुरुजींना वाटले, याला आपला पत्ता लागला असावा, म्हणून जपून वागतो आहे.

काड्या येतच राहिल्या. पान थोडेथोडे पुढे सरकत होते. गुरुजींच्या हे लक्षात आले होते, पण त्यातून त्यांनी एवढाच अर्थ काढला की शत्रू चिकाटीचा आहे.

त्यांचे उपदेश बदलले. पूर्वी ते देवाच्या दयेबद्दल बोलत, पेरणीच्या दृष्टांतांबद्दल बोलत. आता ते दर रविवारी कपट्यांबद्दल बोलू लागले. बोलताना एकेकाच्या चेहऱ्याकडे रोखून बघत, कोण नजर चुकवतो ते पाहत. अशा नजरेपुढे सगळेच नजर चुकवतात. त्यामुळे गुरुजींना सगळेच अपराधी दिसू लागले.

घरी त्यांची बायको एकदा त्यांना म्हणाली, "अहो, काडी कोण ठेवतं ते राहू द्या. तिथं लिहिलेलं खोटं आहे का?"

"खोटं कसं असेल? देवाचं वचन आहे ते."

"मग?"

ही आजकाल असे का बोलते, तिला कोणी शिकवून तर ठेवले नाही, असा विचार गुरुजींच्या मनात येऊन गेला.

आठव्या आठवड्यात त्यांना पुरावा मिळाला, म्हणजे त्यांना तसे वाटले. मंदिराच्या मागे, घंटेच्या खांबाजवळ, अगदी तसलेच कुसळी गवत माजले होते. तिथे अंद्रियाची बकरी बांधलेली असायची. मंदिराची किल्लीही अंद्रियाकडेच. गुरुजी त्या गवतासमोर बराच वेळ उभे राहिले. त्यांना राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटले. आपणच शिकवलेली अक्षरे आपल्यावर उलटली.

त्यांनी अंद्रियाला बोलावले. हा पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. वीस वर्षे त्याने एकाही रविवारची घंटा चुकवली नव्हती. गुरुजींनी काडी त्याच्यापुढे धरली.

"हे गवत कुठलं?"

"मंदिरामागचं दिसतंय, गुरुजी."

"ग्रंथात कोणी ठेवलं?"

"मी ठेवलं नाही."

"कोणी ठेवलं ते तुला ठाऊक आहे?"

खोटे बोलणे अंद्रियाला जमत नसे. "ठाऊक आहे," तो म्हणाला. "पण मी कोणाला सांगणार नाही असा शब्द दिलाय. त्यात तुमचं वाईट काही नाही, एवढं माझं ऐका."

गुरुजींना ते ऐकायचे नव्हते. त्यांना नाव हवे होते. अंद्रियाने नाव सांगितले नाही. तेव्हा गुरुजींनी हात पुढे केला आणि किल्ली मागितली. अंद्रियाने कमरेची किल्ली सोडून त्यांच्या हातावर ठेवली, वाकून नमस्कार केला आणि तो गेला. मंदिरामागची खोपी त्याला घंटेच्या कामासाठीच दिलेली होती. काम गेले तशी खोपीही गेली. दोन दिवसांनी तो बायको आणि बकरी घेऊन नदीवरच्या, नाव लागते त्या उताराकडे निघून गेला. अंद्रियाचे वर्तन उद्धट झाले म्हणून त्याला काढले, असे गुरुजींनी मंडळीला सांगितले. काडीबद्दल ते काही बोलले नाहीत. ते सांगितले असते, तर काडी कोणत्या ओळींखाली निघे तेही सांगावे लागले असते.

आता काड्या थांबतील, असे त्यांना वाटले होते.

पण पुढच्या रविवारी काडी होतीच. आणि आता आणखीच वाईट गोष्ट घडू लागली. काडी पुढे सरकेना. त्याच पानावर, त्याच ओळीखाली ती एक आठवडा राहिली, दोन आठवडे राहिली, तीन आठवडे राहिली. सन्मानाच्या आधी नम्रता येते, अशी ती ओळ होती. गुरुजी दर शनिवारी सकाळी काडी काढून फेकून देत आणि रविवारी ती पुन्हा तिथे असे. शत्रूला आपल्या वर्मावर बोट ठेवायला जागा सापडली आहे आणि आता तो तिथेच दाबतो आहे, अशी त्यांची खात्री झाली.

किल्ली तर आता गुरुजींच्या घरात खुंटीला असायची. शनिवारी दुपारी सारवण करणाऱ्या सारजाबाईला दार उघडून द्यायला गुरुजींची बायको तेवढी जायची. गुरुजी बायकोकडेही तिरक्या नजरेने पाहू लागले. तिला अक्षरओळख नव्हती. पण कोणी ओळ दाखवून दिली, तर काडी ठेवायला अक्षरे कशाला लागतात? चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच ते जेवताना तिच्याशी बोलेनासे झाले.

शेवटी एका शनिवारी त्यांनी ठरवले की आज सोक्षमोक्ष लावायचा. शेजारच्या गावी जातो असे सांगून ते बाहेर पडले आणि मागच्या वाटेने येऊन, सकाळीच कडी काढून ठेवलेल्या बाजूच्या दाराने मंदिरात शिरले. ओट्याला लागून झगे आणि मेणबत्त्या ठेवायची एक खोली होती. तिच्या दाराआड ते उभे राहिले. दाराच्या फटीतून मेज स्वच्छ दिसत होते.

दुपारी बायकोने पुढचे दार उघडले, सारजाबाईला आत सोडले आणि ती परत गेली. तिने ओट्याकडे पाहिलेसुद्धा नाही. गुरुजींच्या मनावरचे एक ओझे उतरले. उरली सारजाबाई. ती पासष्टीची विधवा. गवत कापून विकायचे आणि लोकांची घरे सारवून द्यायची, यावर तिचे पोट चालायचे. तिला काय वाचता येणार? गुरुजी तिच्या जाण्याची वाट पाहू लागले, म्हणजे तिच्यानंतर येणारा खरा चोर सापडला असता.

सारजाबाईने पदर खोचला आणि ती सारवायला बसली. थोड्या वेळाने गुरुजींच्या एक गोष्ट लक्षात आली. सगळ्या बायका आतून सुरुवात करतात आणि सारवत सारवत दाराशी येतात, म्हणजे ओल्यावर पाय न देता बाहेर पडता येते. ही दारापासून सुरुवात करून आत येत होती. शेवटचा हात फिरवला तेव्हा ती ओट्यापाशी पोहोचली होती आणि मागे सगळी जमीन ओली होती. आता जमीन सुकेपर्यंत तिला ओट्यावरच बसून राहणे भाग होते.

तिने बादलीत हात धुतले, लुगड्याला कोरडे केले, पुन्हा एकदा धुऊन पुसले. मग ती मेजाजवळ आली. हात जोडून तिने नमस्कार केला आणि ग्रंथ उघडला. कमरेच्या पिशवीतून एक काडी काढून तिने एका ओळीखाली धरली आणि काडीवरून बोट सरकवत ती पुटपुटू लागली.

"स... न... मा... ना..." ती थांबली, पुढे गेली. "न... म... न... म... र..."

तिने मान हलवली आणि पुन्हा मागून सुरुवात केली. पुन्हा तिथेच अडली. असे पाच-सहा वेळा झाले. दर वेळी ती त्याच एका शब्दाशी येऊन उभी राहत होती.

गुरुजी दाराआडून बाहेर आले. सारजाबाई एवढी दचकली की काडी तिच्या हातून पडली. ती ग्रंथापासून लांब झाली आणि हात मागे घेऊन उभी राहिली.

"हात धुतलेत, गुरुजी," ती घाईघाईने म्हणाली. "दोनदा धुतलेत."

"तुम्हाला वाचायला कोणी शिकवलं?"

"अंद्रियादादानं. मीच मागं लागले होते. कोणाला सांगू नको म्हणून त्याच्याकडून शब्द घेतला होता. लोक हसतील ना, म्हातारपणी हे खूळ म्हणून." तिने पदर सावरला. "आधी मी तुम्हालाच विचारलं होतं. खूप वर्षं झाली. तुम्ही म्हणाला होता, भाजलेल्या मडक्याला आता काय आकार द्यायचा."

गुरुजींना ते आठवले नाही. पण वाक्य आपलेच आहे, हे त्यांना ओळखू आले.

"आणि काडी?"

"खूण, गुरुजी. कुठवर आले ते कळायला नको? काडी दर खेपेला पडलेली असते, तरी शेवटची ओळ हुडकून काढते. दर शनवारी एखादं पान होतं. या ओळीला मात्र अडलेय. साधी अक्षरं येतात मला. जोडाक्षर आलं की दादा शब्द सांगायचा. ती नीट शिकवणार होता, तेवढ्यात तो गावच सोडून गेला. का गेला कोण जाणे. बोलला नाही काही."

गुरुजी ओट्याच्या कडेवर बसले. अकरा आठवड्यांच्या काड्या त्यांच्या डोळ्यांपुढून गेल्या. एका म्हातारीने मुंगीच्या पावलांनी चालावे तशी ती पाने ओलांडली होती. त्यात कोणाचा टोमणा नव्हता, कोणाचे कपट नव्हते. ओळी आपल्याच जागी होत्या. शेकडो वर्षे होत्या. चाळीस वर्षांत आपण त्या दुसऱ्यांना वाचून दाखवल्या आणि पहिल्यांदा स्वतःला लागल्या, तेव्हा मारणाऱ्याचा हात शोधत सुटलो.

"सारजाबाई," त्यांनी विचारले, "एवढं वाचलंत. मूर्खाबद्दल, गर्विष्ठाबद्दल. ते कोणाबद्दल आहे असं वाटलं तुम्हाला?"

"माझ्याबद्दल," ती लगेच म्हणाली. "दुसरं कोणाबद्दल असणार? मीच वाचत होते ना." मग तिला थोडे हसू आले. "बरं वाटलं, गुरुजी. माझे दोष कोणी असे बसून, समजावून सांगितले नव्हते कधी. लोक नुसतं ओरडतात."

गुरुजींनी डोळे पुसले. जमीन अजून ओली होती. दोघांनाही तिथून हलता येणार नव्हते.

"कुठला शब्द अडला म्हणालात?"

तिने बोट ठेवले. गुरुजी तिच्या शेजारी आले.

"हा म, आणि हा र," ते सांगू लागले. "दोन्ही उभे राहिले तर नमर होतं, शब्द होत नाही. म्हणून र आपलं रूप सोडतो आणि म च्या पायाशी जाऊन..."

ते बोलता बोलता थांबले. हे त्यांनी पूर्वी एकदा शिकवले होते. अंद्रियाला असेच शिकवले होते.

"पायाशी जाऊन बसतो," त्यांनी वाक्य पुरे केले. "मग होतं नम्रता."

"नम्रता," सारजाबाई म्हणाली, आणि तिने ती ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत न अडता वाचली.

दुसऱ्या दिवशी गुरुजी उपदेशाला ओट्यावर चढले नाहीत. खाली उभे राहून त्यांनी मंडळीला सगळे सांगितले. काडी कुठल्या कुठल्या ओळींखाली निघाली ते सांगितले, वैद्यावर घेतलेला संशय सांगितला, दाराआड लपलो होतो तेही सांगितले. अंद्रिया उद्धट नव्हता, मी खोटे बोललो, असेही ते म्हणाले. सारजाबाईने मान खाली घातली होती. आपल्या काडीपायी अंद्रियाचे घर गेले, हे तिला आत्ता कळत होते. फिलीप वैद्य त्या संध्याकाळी काढा घेऊन आपण होऊन गुरुजींच्या घरी आला.

मग गुरुजी नदीकाठी गेले. दुखत्या गुडघ्यांनी त्यांना एक अख्खा दिवस लागला. अंद्रिया तिथे नावेवर काम करत होता, माणसांना या तीरावरून त्या तीरावर पोहोचवत होता. गुरुजी त्याच्या पाया पडायला वाकले. अंद्रियाने त्यांना मधेच धरले.

"राग कधीच गेला, गुरुजी," तो म्हणाला. "पण मी परत येणार नाही. इथं घर मांडलंय आता. त्या दिवशी तुम्ही विचारलंत आणि मी खरं तेच सांगितलं. वीस वर्षांच्या ओळखीवर तुम्हाला ते पटलं नाही. आता पटलं, ते मी खरा ठरलो म्हणून. माझ्या शब्दावर नाही पटलं."

गुरुजी बरोबर आणलेली भाकरी अंद्रियाबरोबर बसून जेवले आणि दुसऱ्या दिवशी एकटेच परत आले.

तेव्हापासून मंदिराची घंटा गुरुजी स्वतः वाजवू लागले. त्यांना ते धड जमत नसे. टोल मागेपुढे पडत. तो ओबडधोबड आवाज ऐकला की गावाला अंद्रियाची आठवण येई, आणि गुरुजींना तर प्रत्येक टोलाला येई.

शनिवारी दुपारी मात्र ओट्यावर दोघे बसू लागले. गुरुजी जोडाक्षरे सांगत, सारजाबाई वाचून तिला काय समजले ते सांगे. पुष्कळदा तिचे प्रश्न असे असत की गुरुजींना उत्तर येत नसे. एवढ्या वर्षांत ज्या वचनांवरून ते भराभर पुढे जात, तिथे ही बाई ठाण मांडून बसायची. मग ते रविवारी मंडळीपुढे उभे राहून म्हणत, "सारजाबाईंनी हे विचारलं. मला ठाऊक नाही. तुमच्यापैकी कोणाला काही सुचतं का?" पहिल्या खेपेला लोक चमकले. पुढे सवय झाली, आणि मग घराघरांतून माणसे आपापले प्रश्न घेऊन येऊ लागली. नदीपलीकडच्या तरुण उपदेशकाकडे गुरुजी स्वतः चालत गेले आणि एका वचनाचा अर्थ त्याच्याकडून समजून घेऊन आले.

पुढे पुढे गुरुजींची नजर गेली. तेव्हा ग्रंथ वाचायला ओट्यावर सारजाबाई उभी राहू लागली आणि गुरुजी खाली, पहिल्या चटईवर, मुलांच्या ओळीत बसून ऐकू लागले. ती अजूनही सावकाश वाचायची. एखाद्या शब्दाशी थांबली तर गुरुजी घाई करत नसत. आणि कधी ती न थांबताच पुढे गेली, तर तेच हात वर करून म्हणत, "बाई, ती ओळ पुन्हा एकदा वाचा. मला नीट कळली नाही."

तात्पर्य: शिकायला जो वाकत नाही, त्याला देवाचे वचनसुद्धा शत्रूचा टोमणा वाटते.